सही कोणाची घ्यायची?

एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मला एकदा छोट्याशा कामासाठी बोलावलं होतं. त्यांच्या डिजिटल संग्रहात, सगळे जिला रिपॉझिटरी म्हणतात तिच्यात, एका पीएच.डी. प्रबंधाच्या नोंदीत मार्गदर्शकाचं नाव चुकलं होतं. छापील प्रतीवर एक नाव, पडद्यावर दुसरंच. दोन्ही प्राध्यापक एकाच विभागातले आणि दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नसे, त्यामुळे प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलेलं. मुद्दाम केलं की चुकून झालं, एवढंच शोधायचं होतं. मी म्हटलं, लॉग बघू. लॉगमध्ये ती नोंद हाताळणाऱ्याचं नाव होतं ‘ॲडमिन’. आदल्या दिवशीच्या सगळ्या नोंदींपुढेही ॲडमिन. वर्षभर मागे गेलो, तर ॲडमिनशिवाय त्या संग्रहात कुणी पाऊलच ठेवलं नव्हतं.

“ॲडमिन म्हणजे कोण?” मी विचारलं.

“आम्ही सगळेच की,” ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या. सगळे म्हणजे त्या स्वतः, सहायक ग्रंथपाल, तासिका तत्त्वावरचे दोन प्राध्यापक, नॅकच्या मूल्यांकनाच्या तयारीसाठी तीन महिन्यांपुरती घेतलेली दोन मुलं, आणि सर्व्हर बसवून देणारा तंत्रज्ञ, जो केव्हाच दुसरीकडे नोकरीला लागला होता.

“आणि पासवर्ड?”

“तो सरांनी ठेवलेला.” सर म्हणजे आधीचे ग्रंथपाल, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. पासवर्ड अजून तोच होता. टेबलाच्या खणात, एका जुन्या कॅटलॉग कार्डाच्या पाठीवर, निळ्या शाईत.

छापील प्रत कधी आली ते बघायला मॅडमनी कपाटातून दाखल नोंदवही काढली. लाल कापडी बांधणीची, दोन्ही हातांनी उचलावी लागणारी. पान उघडलं आणि बोट ठेवत त्या म्हणाल्या, “हे सरांनी लिहिलंय. हे खालचं आमच्या जुन्या लिपिकांचं, त्यांचा पाच बघा, पोट सुटलेला. आणि इथे आकडा चुकला होता, तो मी सुधारला.” त्या जागी लाल शाईची एक रेघ, वर बरोबर आकडा, शेजारी त्यांची आद्याक्षरं आणि तारीख. वीस वर्षांपूर्वी कोण कुठे चुकलं आणि कुणी दुरुस्त केलं, ते वहीत दहा सेकंदांत कळत होतं. शेजारच्या संगणकात गेल्या महिन्यात काय झालं ते कळायला मार्ग नव्हता.

तेव्हापासून मला वाटत आलंय की आपण खात्याला, म्हणजे यूजर अकाउंटला, किल्ली समजतो आणि तिथेच फसतो. किल्ली कुणाच्याही हातात चालते, उसनी देता येते, खिळ्याला टांगून ठेवता येते. खातं हे हस्ताक्षर आहे. दुसऱ्याच्या हस्ताक्षरात लिहिण्याला आपल्या भाषेत एक सरळ शब्द आहे आणि तो शब्द चांगला नाही. याच विचाराला जोडून दुसरी गोष्ट येते. हस्ताक्षर लिहिणाऱ्याचं उमटतं. वाचणाऱ्याचं उमटत नाही, उमटायचं कारणही नाही. कितीतरी संग्रहांनी नेमका याच्या उलट कारभार मांडला आहे. वाचायला येणाऱ्याकडून नाव, फोन, संस्था, प्रयोजन असा सगळा तक्ता भरून घ्यायचा, आणि नोंद बदलणारा मात्र ‘ॲडमिन’च्या बुरख्याआड सुखात. सही घेतली जाते, पण भलत्याच माणसाची.

त्या महाविद्यालयाचा संग्रह डीस्पेस या प्रणालीवर होता. अमेरिकेतल्या एमआयटीची ग्रंथालयं आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून ती २००२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. आज जगभरच्या विद्यापीठांचे संग्रह तिच्यावर चालतात. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची शोधगंगाही तिच्यावरच उभी आहे. प्रबंधाची डिजिटल प्रत देणं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी बंधनकारक केलं आणि आपल्याकडच्या कित्येक ग्रंथपालांची या प्रणालीशी पहिली गाठ त्यानंतर पडली.

डीस्पेस बसवली की तिच्यात दोन गट आयते मिळतात. एक ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, दुसरा ‘अनॉनिमस’, म्हणजे अनामिक. पहिल्याला सगळं करता येतं. दुसऱ्यात जगातला प्रत्येक माणूस मोडतो, लॉगिन केलेला आणि न केलेलाही. हे दोन गट पुसून टाकता येत नाहीत. वाचकाला नाव न सांगता आत येता यावं, ही गोष्ट बनवणाऱ्यांनी इमारतीच्या पायातच घातली आहे. पुढे भिंती बांधताना आपण ते दार लिंपून टाकतो, तो भाग वेगळा.

या दोन टोकांच्या मधलं सगळं आपण ठरवायचं असतं. संग्रहाचे विभाग, विभागात संच, संचात नोंदी, नोंदीत फाइली. यातल्या प्रत्येक पायरीवर कोणत्या गटाला वाचता येईल, भर घालता येईल, बदल करता येईल, काढून टाकता येईल, ते नेमून द्यायचं. मनाईचा वेगळा नियम नसतो. जे दिलं नाही ते मिळत नाही. वरच्या पायरीवरची परवानगी आपोआप खाली झिरपतही नाही. नोंद वाचायची मुभा असली तरी तिच्यातली फाइल उघडेलच असं नाही. नवी नोंद आली की संचाचे त्या वेळचे नियम तिच्यावर उतरवले जातात. पुढे संचाचा नियम बदलला तरी जुन्या नोंदी जुन्याच नियमावर राहतात. ‘आम्ही सगळं खुलं केलं’ असं अभिमानाने सांगणाऱ्या संग्रहात जुने प्रबंध तसेच कुलूपबंद पडलेले मी पाहिले आहेत. कुणाचा हेतू वाईट नव्हता. एकदा नियम लावला म्हणजे मागचंपुढचं सगळं आलं, असा समज होता.

पण या प्रणालीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. सादर होणाऱ्या प्रत्येक नोंदीच्या पोटात डीस्पेस आपणहून चार ओळी लिहून ठेवते: कुणी सादर केली, कुणी मंजूर केली, कोणत्या तारखेला, किती फाइली होत्या. प्रत्येक फाइलपुढे तिचा चेकसमही असतो. चेकसम म्हणजे मजकुरावरून काढलेला आकडे-अक्षरांचा ठसा. फाइलीत एक काना इकडचा तिकडे झाला तरी तो बदलतो. जुने मोडी कागद ज्यांनी हाताळलेत त्यांना ही पद्धत परकी वाटू नये. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे, अखेरीस मोर्तब असे. मोर्तबाखाली मागाहून कुणाला दोन ओळी घुसडता येऊ नयेत हा त्याचा उपयोग. लिहिणारा एक, नोंद करणारा दुसरा, मोर्तब करणारा तिसरा. बारनिशी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांची नोंद, हा शब्द तर आपल्या सरकारी कचेऱ्यांत आजही नांदतो. टपाल तिथून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही.

त्या महाविद्यालयात या ओळी प्रत्येक प्रबंधाच्या पोटात होत्या. ॲडमिनने सादर केलं, ॲडमिनने मंजूर केलं. शिक्काही होता, मोर्तबही होतं. दोन्ही एकाच हाताने उठवलेलं, आणि तो हात कुणाचा ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

याला सहसा निष्काळजीपणा म्हणतात आणि पासवर्ड कसा ठेवावा यावर एक कार्यशाळा घेतात. मला हे निदान पटत नाही. पासवर्ड वाटून घ्यावा लागतो कारण संस्थेने माणसांना नाव दिलेलं नसतं. डीस्पेसमध्ये खातं उघडायला ई-मेल पत्ता लागतो. तीन महिन्यांसाठी आलेल्या मुलाला संस्थेचा ई-मेल कोण देणार? त्याचं नाव हजेरीपटावरच पेन्सिलीने लिहिलेलं. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचंही तेच. त्यांना दर वर्षी नव्याने नेमायचं, म्हणून कायमची कसलीच नोंद नको. काम मात्र सगळं त्यांच्याकडून करून घ्यायचं. रात्री जागून त्या दोन मुलांनी शेकडो प्रबंध स्कॅन करून चढवले होते आणि त्या संग्रहात त्यांचं नाव औषधालाही नव्हतं. मार्गदर्शकाच्या नावाचा घोटाळा उघड झाला तेव्हा मात्र पहिलं बोट त्यांच्याकडेच गेलं. “ती तात्पुरती पोरं आहेत ना, त्यांनीच केलं असणार.” सामायिक लॉगिनचं हे खरं मोल: श्रेय कुणाचंच नाही आणि संशय मात्र सगळ्यात दुबळ्याच्या वाट्याला. स्वतःचं खातं हे नोकरांवर पाळत ठेवायचं साधन आहे, असं काहींना वाटतं. माझ्या अनुभवात निर्दोष माणसाजवळ त्याच्याइतका दुसरा चांगला साक्षीदार नसतो.

दुसरं कारण आणखी नाजूक आहे. निवृत्त सरांचा पासवर्ड का बदलला नाही, असं विचारल्यावर मॅडम थोड्या संकोचल्या. “बरं दिसलं नसतं. सरांनीच तर सगळं उभं केलं.” मला ते लगेच समजलं. निरोप समारंभात शाल-श्रीफळ द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं खातं बंद करायचं, हे आपल्या मनाला दारावरची पाटी काढल्यासारखं वाटतं. पण हाही किल्लीचाच विचार. किल्ली परत मागणं म्हणजे अविश्वास. हस्ताक्षर थांबणं म्हणजे फक्त काम संपणं. प्रणालीत यासाठी साधीशी सोय असते. खातं पुसायचं नाही, ‘लॉगिन करता येईल’ या चौकटीतली खूण तेवढी काढायची. सरांनी मंजूर केलेल्या नोंदींवर त्यांचं नाव राहतं, नव्या नोंदींवर उमटत नाही. दाखल नोंदवहीतलं त्यांचं अक्षर कुणी खोडलं नाही. पुढच्या पानावर फक्त दुसरं अक्षर सुरू झालं.

एकाच जागी अनेकांनी अनामिकपणे काम केलं की काय होतं, याचं एक मासलेवाईक उदाहरण संगणकाच्या इतिहासात आहे. १९६० च्या दशकात एमआयटीत सीटीएसएस नावाची प्रणाली होती. एकाच संगणकावर अनेकांनी आपापल्या पासवर्डने काम करण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी ती एक. एक दिवस तिथला एक व्यवस्थापक पासवर्डांची फाइल दुरुस्त करत होता आणि त्याच वेळी दुसरा, लॉगिन करताच सर्वांना दिसणारा रोजचा संदेश लिहीत होता. संपादनाचा प्रोग्राम एका जागी एकच माणूस काम करतो असं धरून बनवलेला. तात्पुरत्या फाइलीचं नाव ठरलेलं, दोघांचंही एकच. फाइलींची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो जो लॉगिन करी त्याच्यापुढे रोजच्या संदेशाच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड उमटू लागले. या गोष्टीत चोर नाही, शत्रू नाही. कामसू, प्रामाणिक अशी दोन माणसं आहेत आणि त्यांना वेगळं ओळखू न शकणारी व्यवस्था आहे.

जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर जो निबंध लिहिला, त्यातली तत्त्वं आजही शिकवली जातात. प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्या, हे त्यातलं एक. महत्त्वाच्या गोष्टीला दोन किल्ल्या असू द्या, हे दुसरं. बँकेच्या लॉकरची रीत आपल्याला ठाऊक आहे: एक किल्ली बँकेची, एक आपली, एकट्याने उघडत नाही. त्यांचं आणखी एक तत्त्व मला ग्रंथालयांसाठी सगळ्यात मोलाचं वाटतं: संरक्षणाची रीत माणसाला सहज वापरता येईल अशी हवी, नाहीतर लोक ती चुकवण्याची वाट शोधतात. आमच्या त्या कॅटलॉग कार्डाच्या पाठीवरचा पासवर्ड ही अशीच शोधलेली वाट होती.

आता वाचकाकडे वळू. लिहिणाऱ्याची सही घ्या, म्हणून मी जितका आग्रही आहे, तितकाच वाचणाऱ्याची घेऊ नका यासाठी आहे. याला एक मराठी इतिहास आहे. १८१८ नंतर पेशव्यांचं दफ्तर इंग्रजांच्या हाती गेलं. त्यांच्या लेखी ते रुमालांत बांधलेले इनाम-वतनांचे पुरावे होते, महसुली कामाचे कागद. अभ्यासकाला तिथे सहज शिरकाव नव्हता. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्या दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापून निघाले ते १९३० च्या दशकात, म्हणजे शंभरावर वर्षांनी. एवढ्या काळात कागदांना वाळवी लागते हे खरं, पण त्याहून मोठं नुकसान प्रश्नांचं होतं. जो प्रश्न विचारायला माणूस दारापर्यंत आला होता, तो प्रश्न घेऊनच परत जातो.

आजच्या संग्रहांत हेच वेगळ्या वेशात चालतं. ‘फक्त परिसरातून उघडेल’ असा नियम असतो. महाविद्यालयाच्या इंटरनेटवरून आलात तर प्रबंध दिसतो, घरून आलात तर नाही. गडचिरोलीच्या शाळेत शिकवत बाहेरून पीएच.डी. करणाऱ्या बाईंना याचा अर्थ एवढाच की त्यांच्याच विषयावरचा, त्यांच्याच विद्यापीठाचा प्रबंध बघायला रजा टाकून एसटीने यायचं. कारण विचारलं तर उत्तर मिळतं, “कुणी चोरून छापलं तर?” चोरी पकडण्याचं सगळ्यात सोपं साधन म्हणजे मूळ प्रत सर्वांसमोर असणं. बंद कपाटातून चोरलेलं ओळखणार कोण?

सगळंच उघडं टाका, असं माझं म्हणणं नाही. एखाद्या समाजशास्त्राच्या प्रबंधाच्या परिशिष्टात मुलाखत दिलेल्या बायकांची नावं आणि गावं असतात. त्या बोलल्या त्या एका संशोधिकेशी, जगाशी नव्हे. एखाद्या रसायनाच्या प्रबंधावर पेटंटचा अर्ज पडून असतो. अशा वेळी बंद ठेवणं हेच कर्तव्य. पण मग नियमाची बारीक सुई वापरावी, पोत्याचा दाभण नको. प्रबंध खुला, परिशिष्टाची फाइल बंद. शीर्षक, सारांश, लेखकाचं नाव कायम खुलं, म्हणजे वस्तू आहे हे तरी कळतं. आणि पेटंटसारखं कारण असेल तर कुलपाऐवजी तारीख: डीस्पेसमध्ये अनामिक गटाला वाचण्याची परवानगी अमुक दिवसापासून, असं लिहिता येतं. तो दिवस उजाडला की दार आपसूक उघडतं, कुणाच्या सहीसाठी फाइल फिरत नाही. जी मनाई तारखेविना लिहिली जाते ती लिहिणारा विसरतो, मग बदली होऊन जातो, आणि मनाई तेवढी मागे उरते.

‘न वाचू देणं’ हाही कधी कधी आदर असतो, हे मला उत्तर ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू समाजाच्या संग्रहाने शिकवलं. टेनंट क्रीक गावच्या या लोकांनी संशोधक किम क्रिस्टन यांच्यासोबत मुकुर्तू नावाचा संग्रह घडवला. त्यात काही छायाचित्रं फक्त त्या कुटुंबाला दिसतात, काही विधी फक्त बायकांना किंवा फक्त पुरुषांना, आणि मृत माणसाच्या चित्राबाबत शोकाचे संकेत पाळले जातात. परवानगीचा तक्ता तिथे समाजाने स्वतः भरला आहे. पेशवे दफ्तराला कुलूप होतं आणि मुकुर्तूलाही आहे. एक दुसऱ्याने घातलेलं, एक ज्याची वस्तू त्याने. माझ्या मांडणीला हा अपवाद आहे हे मी मान्य करतो: तिथे वाचणाऱ्यालाही आपण कोण ते सांगावं लागतं. पण तो ते आपल्या माणसांना सांगतो, आणि कशासाठी सांगायचं ते त्याला ठाऊक असतं. एखाद्या विद्यापीठातल्या परीक्षा विभागाच्या कारकुनाने ‘असू द्या बंदच’ म्हणणं या जातीचं नव्हे.

आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते त्या महाविद्यालयात त्याच दुपारी ऐकले. “आमच्याकडे माणसं किती, आणि गट किती करायचे?” खरं आहे. जिथे ग्रंथपाल एकच आणि तोच सादर करणारा, तिथे मंजूर कोण करणार? पण दुसरी किल्ली ग्रंथालयातलीच हवी असं कुठे आहे? ज्या विभागाचा प्रबंध, त्या विभागातल्या एका प्राध्यापकाने महिन्याला अर्धा तास बसून मंजुरी द्यावी. मार्गदर्शकाचं नाव चुकलं असतं तर ते त्याच टेबलावर सापडलं असतं. गट हवेत तीन: चढवणारे, तपासणारे, आणि सगळं करू शकणारे एक-दोन. त्या एक-दोघांनीही रोजचं काम आपल्या साध्या खात्यातून करावं. दर सहा महिन्यांनी नावांची यादी छापून ग्रंथालय समितीपुढे ठेवावी आणि जे गेले त्यांची खूण काढावी. या सगळ्याला पैसा लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त मनापासूनचा होता. “आमच्यात विश्वास आहे हो.” असेलही. दाखल नोंदवहीच्या काळातही तो होता, म्हणून कुणी आद्याक्षरं करायचं सोडलं नव्हतं. सही ही अविश्वासाची खूण असती तर आपण पत्राखाली, लग्नपत्रिकेखाली, पुस्तक भेट देताना पहिल्या पानावर नाव लिहिलंच नसतं.

मार्गदर्शकाचं नाव कुणी बदललं ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा वरच्या ओळीतलं नाव खालच्या ओळीत चिकटवलं गेलं असावं. रात्री अकराला अशा चुका होतात. छापील प्रत पुढ्यात होती, तेव्हा दुरुस्ती तर दोन मिनिटांची. मॅडमनी सवयीने खण उघडला, कार्ड काढलं, आणि थबकल्या. “आत्ता हे मी ॲडमिनने केलं, तर उद्या कोणी विचारलं की हे कुणी केलं…” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आधी त्यांचं स्वतःचं खातं उघडलं, मग सहायकाचं. तीन गट केले. ॲडमिनचा पासवर्ड बदलून त्या प्राचार्यांकडे बंद लिफाफ्यात देऊन आल्या. त्या दोन मुलांसाठी काय करायचं यावर कार्यालयात बराच वाद झाला. अखेर त्यांच्या खासगी ई-मेलवर खाती उघडली, तीन महिन्यांपुरती का होईना, त्यांच्या नावाची. दुपार गेली त्यात.

संध्याकाळी मॅडमनी स्वतःच्या नावाने लॉगिन केलं, नाव सुधारलं, आणि नोंदीच्या शेवटी एक ओळ लिहिली: छापील प्रतीवरून दुरुस्त केलं, पुढे तारीख. मग क्षणभर विचार करून त्यांनी त्यापुढे आपली आद्याक्षरंही टाकली. मी म्हटलं, मॅडम, आता त्याची गरज नाही, तुमचं नाव प्रणाली आपणहून लिहिते. “लिहू दे की,” त्या म्हणाल्या, “हात गप्प बसत नाही.”